विरजणावर विरजण

१

काचेच्या कपाटात अळिंब्या उगवल्या होत्या. करड्या, मऊ, कानाच्या पाळीएवढाल्या. एका ठोकळ्याच्या कोपऱ्यातून झुपका, दुसऱ्याच्या पोटातून झुपका, तिसऱ्याला तर चक्क दाढी फुटलेली. कपाटावर एरवी घट्ट बांधलेलं काळं कापड जमिनीवर पडलं होतं. समोर खुर्चीवर कोणीतरी टेबललॅम्प ठेवला होता आणि त्याची मान वाकवून उजेड थेट काचेवर सोडला होता. लॅम्प अजूनही चालू होता.

कपाटाचा मालक खाली फरशीवर बसला होता, खांद्यावरची सॅक न उतरवता. त्याची मावसबहीण उभी राहून खोली पाहत होती.

"ताई, संपलं गं सगळं."

"काय दिसतंय ते सांग. 'संपलं' हा निष्कर्ष झाला."

अशा बोलण्यामुळेच त्या इमारतीत तिला सगळे 'भिंग' म्हणत. रसायनशास्त्र शिकून ती इथल्या सामाईक प्रयोगशाळेची देखभाल करत होती. मावसभावाला सगळे 'बुरशी' म्हणत, कारण तो बुरशी वाढवायचा. त्याची आई नातेवाइकांत 'आमचा विद्यापीठात असतो' एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

इमारतीचं नाव पाटीवर दोन ओळींत मावत नव्हतं. पदवी घेऊन नवे उद्योग सुरू करणाऱ्यांना आधार देणारं, त्यांना उबवणारं, पंख देणारं असं काहीतरी विद्यापीठाचं केंद्र होतं ते. लोक त्याला खुराडं म्हणत. आत भिंतींना पोपटी रंग, बसायला पोत्यासारख्या गाद्या, पांढरे फळे आणि त्या फळ्यांवर बाण. बाणांच्या एका टोकाला 'कल्पना' आणि दुसऱ्या टोकाला 'जग'. मधे काय करायचं हे कोणी लिहिलेलं नव्हतं, कारण ते करायला इथे कोणी आलेलंच नव्हतं. सगळे बोलायला आले होते. आपल्या धंद्याविषयी लिफ्टमध्ये किती बोलायचं, सभागृहात किती आणि जेवणाच्या टेबलावर किती, याचे इथे वर्ग चालत.

त्या सगळ्यात खरोखर काहीतरी तयार करणारा एकटा बुरशी. भुशात तो बुरशीचं विरजण घालायचा. विरजण हा त्याचाच शब्द. पांढरे तंतू भुशाचा कण न् कण बांधून टाकायचे, साच्याचा आकार घ्यायचे. मग कपाटाचा हीटर वाढवून तो बुरशी मारायचा, आणि हातात यायचा हलका, टणक ठोकळा. थर्माकोलऐवजी काचसामान बांधायला अगदी योग्य. मात्र भाजण्याआधी त्याला उजेड आणि मोकळी हवा मिळाली, की बुरशीला वाटतं फळायची वेळ झाली. ती अळिंब्या काढते आणि ठोकळ्याचा आकार बिघडतो. म्हणून काळं कापड.

"शिबिराला निघताना कापड मी स्वतः बांधलं होतं," तो म्हणाला. "लॅम्प बाहेरच्या हॉलमधला आहे. तो इथे नव्हता."

आठवडाभर सगळं केंद्र डोंगरावर नेतृत्वशिबिराला गेलं होतं. दोरी ओढायची, डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडायचं आणि त्याला विश्वास म्हणायचं. इमारत तोवर बंद होती.

"म्हणजे हे निघण्याच्या दिवशीच झालं. तू बसमध्ये बसल्यावर परत वर कोण आलं?"

"अ‍ॅपवाला चार्जर विसरला म्हणून आला. गुरू माईक आणायला आले. आणि साहेब मागे थांबले होते, ते त्यांच्या गाडीनं आले." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "उद्या समिती येणार. माल दाखवता आला नाही तर खोली खाली करायची. ताई, हे कपाट भिंतीत बसवलेलं आहे. मी ते घेऊन जाऊ कुठे? घरी? आईच्या स्वयंपाकघरात?"

भिंग कपाटाच्या दारावरचं हीटरचं गोल बटण पाहत होती. त्याचा लाल काटा वाढीच्या हिरव्या खुणेवर होता.

"हे तू असंच ठेवलं होतंस?"

"हो. कोणी हात लावलेला नाही."

"हे विचित्र आहे."

"त्यात काय विचित्र? त्यांनी जे केलं ते पुरेसं नाही का?"

"कोणाला तरी तुझं वाटोळं करायचं होतं. त्याच्या नाकासमोर हे बटण होतं. एकदा फिरवलं असतं तर विरजणासकट सगळं मेलं असतं. ते सोडून तो हॉलमध्ये गेला, लॅम्प उचलून आणला, खुर्ची ओढली, मान वाकवली." तिनं लॅम्प बंद केला. "इतके कष्ट करून त्यानं तुझी बुरशी मारली नाही रे. तिची मशागत केली."

२

केंद्राचे संचालक आयुष्यभर व्यवस्थापन शिकवून इथे आले होते. त्यांनी स्वतः कधी काही विकलेलं नव्हतं. ते या गोष्टीला अलिप्तता म्हणत. त्यांच्या केबिनबाहेर पोपटी भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'आमची अभिमानास्पद अपयशं' असं रंगवलेलं होतं आणि त्याखाली रिकाम्या चौकटी टांगल्या होत्या. परदेशातल्या कुठल्याशा केंद्रात अशी भिंत पाहून आल्यापासून साहेबांनी तो ध्यास घेतला होता. चौकटी रिकाम्या होत्या, कारण अपयशी व्हायला आधी काहीतरी करावं लागतं.

भिंग आत गेली तेव्हा ते आरशासमोर उभे राहून हातवारे करत होते.

"या, या. कळलं मला. मुलानं ग्रुपवर फोटो टाकलाय म्हणे, मी उघडला नाही अजून. फार वाईट झालं. मेलं बिचारं."

"सर, समितीला आठवडाभर थांबायला सांगता येईल का?"

"बाई, तुम्ही शास्त्रातल्या लोकांना मृत्यूची फार भीती! अहो, अपयश हे आभूषण आहे. मिरवायचं असतं." त्यांनी टाय सारखा केला. "पुढच्या महिन्यात मोठ्या संमेलनात माझं बीजभाषण आहे. विषय काय, तर 'अपयशाचा उत्सव'. सगळ्या केंद्रांचे प्रमुख येणार, प्रत्येक जण आपापलं एक अपयश घेऊन येणार."

"आपल्याकडे एकही नव्हतं."

"नव्हतं ना! लाज वाटायची हो." मग ते एकदम गंभीर झाले. "पण हे केलं कोणी, असं तुम्ही विचाराल."

"विचारणारच आहे."

"मला वाटतं, त्यानंच. माल जमत नव्हता, समिती डोक्यावर आली, पोरगा घाबरला. स्वतःच कापड काढलं आणि शिबिराला आला नाच करायला. दोष नाही देत मी. उद्या समितीसमोर हे मी फार हळुवारपणे मांडणार आहे."

"पुरावा नसताना?"

"भावना असताना पुरावा कशाला लागतो?"

भिंग बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. उद्या हा माणूस हळुवारपणे तिच्या भावाला लबाड ठरवणार होता. आणि याहून वाईट म्हणजे, त्याच्या बोलण्यात काहीतरी खटकलं होतं आणि ते नेमकं काय हे तिला अजून सांगता येत नव्हतं.

३

अ‍ॅपवाल्यानं माणसाला तहान लागली की कळवणारं अ‍ॅप बनवलं होतं. म्हणजे बनवलं नव्हतं, बनवणार होता. शेजारच्या खोलीत तो आणि त्याचे दोन भागीदार पोत्याच्या गाद्यांवर पडून त्याचा रंग ठरवत असत. बुरशीची खोली रिकामी झाली तर ती आपल्याला मिळावी असा त्यांचा अर्ज होता. 'विचार करायला मोकळी जागा' हवी म्हणून.

"मी नाही केलं," भिंगानं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

"काय नाही केलंस?"

"जे काय झालंय ते. मॅडम, मला त्या वासाचा त्रास होतो, मी कबूल करतो. ओल्या गोणपाटासारखा वास येतो. आमचे एक गुंतवणूकदार आले होते, ते म्हणाले, इथे कोणी मेलंय का? पण म्हणून मी असलं काही करीन?"

"चार्जर आणायला परत गेला होतास."

"आणि चार्जर घेऊनच आलो. बघा, हा चार्जर." पुरावा म्हणून त्यानं खरंच चार्जर उचलून दाखवला. "आणि मला मारायचंच असतं ना, तर मी ते बटण नसतं फिरवलं का? बोलण्याच्या तालमीच्या वेळी तुमचाच भाऊ सगळ्यांसमोर ओरडून ओरडून सांगत होता, 'उष्णतेनं ही मरते, हेच आमच्या तंत्राचं रहस्य.' माझ्या दोन्ही भागीदारांनासुद्धा पाठ झालंय. त्यांना स्वतःच्या कंपनीचं नाव नीट येत नाही, पण हे येतं."

भिंगानं त्याच्याकडे नव्यानं पाहिलं. या माणसाच्या तोंडून कामाचं वाक्य निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तालमीला कोण कोण होतं?"

"सगळं केंद्र."

"साहेबसुद्धा?"

"साहेब कुठल्या तालमीला बसतात? नेहमीप्रमाणे भाषण ठोकलं, फोटो काढला, गेले. पण गुरू होते. उजेडाचं म्हणाल, तर तसलं काही तो तालमीत बोललाच नाही. मी आजच फोटोत लॅम्प पाहिला, तेव्हा म्हटलं, हे काय नवीन?"

"तुला नवीन वाटलं?"

"मॅडम, मला त्यातलं काय कळतं! मला वाटलं, अळिंब्यांना अभ्यासाला बसवलंय."

भिंग दारातच थांबली. तालीम ऐकलेल्या कोणालाही उजेडाचं काही माहीत नव्हतं. मग लॅम्प आणणाऱ्याला ते कोणी सांगितलं?

४

गुरूंचा एकेकाळी धंदा होता. तो कसला होता हे कोणाला नक्की माहीत नव्हतं. तो बुडाला एवढं मात्र त्यांनी सर्वांना सांगितलं होतं, आणि त्या बुडण्यावर ते पुढे उत्तम तरले होते. नव्या पोरांना बोलायला शिकवणं हे आता त्यांचं काम. हातात माईक नसला तरी तो असल्यासारखी मूठ धरून ते बोलत.

"माईक आणायला मी वर आलो, हे खरं. तुझ्या भावाच्या खोलीकडे फिरकलोही नाही. मी का त्याचं वाईट करीन? अगं, ते पोर माझी कलाकृती आहे! आला तेव्हा 'तंतूंचं विस्तारण' असं काहीतरी पुटपुटायचा. झोप यायची. मी त्याला वाक्यं दिली."

"कुठली वाक्यं?"

"तालमीचं वेगळं, समितीचं वेगळं, लिफ्टचं वेगळं. लिफ्टचं सर्वांत अवघड. ऐकणारा त्याच्या मजल्यावर उतरायच्या आत त्याचं काळीज धरायचं. त्याच्यासाठी एक जबरदस्त वाक्य लिहिलं होतं मी." गुरूंनी डोळे मिटले, मूठ तोंडापाशी आणली. "'साहेब, माझ्या कारखान्यात एक जीव आहे. तो अंधारात जगतो. उजेडाचा एक झोत पडला, की मरतो!'"

"हे साफ खोटं आहे."

"सुलभीकरण म्हण."

"उलट आहे, गुरुजी. उजेडात ती मरत नाही, फळते."

"तेच! तुझा भाऊही तेच म्हणाला. एकदाच म्हणवून घेतलं मी त्याच्याकडून, प्रत्यक्ष लिफ्टमध्ये, आणि लगेच माझ्या कानाशी भुणभुण, 'सर, खोटं आहे हो, सर, बुरशी मरत नाही हो.' इतका हट्टी! शेवटी गाळलं मी ते वाक्य. पुन्हा कुठे वापरलंच नाही." त्यांचा चेहरा खरंच पडला. "सोन्यासारखं वाक्य वाया गेलं."

"एकदाच म्हटलं?"

"एकदाच."

"तेव्हा लिफ्टमध्ये तुमच्या दोघांशिवाय कोण होतं?"

"कोणीतरी होतं. रिकाम्या लिफ्टमध्ये तालीम कसली? पण मी बोलणाऱ्याकडे बघतो बाळा, ऐकणाऱ्याकडे नाही. हीच माझी पद्धत."

आयुष्यभर विकायला शिकवणारा हा माणूस गिऱ्हाइकाकडे बघत नव्हता. इतर वेळी भिंगाला हसू आलं असतं. आत्ता ती धावतच जिन्याकडे निघाली.

५

"मला इथे उभं राहायला काही वाटत नाही, असं समजू नकोस," बुरशी म्हणाला. भिंगानं त्याला तळमजल्यावर आणून लिफ्टमध्ये उभं केलं होतं.

"तू कुठे होतास?"

"इथे, कोपऱ्यात. गुरू या बाजूला. दार बंद होत होतं, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हात घातला. साहेब होते. फोन कानाला. मला वाटलं, वाचलो, आता बोलावं लागणार नाही. पण गुरूंनी कोपर मारलं."

"मग बोललास."

"बोललो. घाम फुटला होता. साहेबांनी फोन बाजूला केला आणि म्हणाले, 'वा! मृत्यू आहे गोष्टीत. गोष्टीत मृत्यू पाहिजेच.' आणि त्यांच्या मजल्यावर उतरले."

"आणि तू गुरूंना खोटं आहे म्हणून कधी सांगितलंस? साहेब असताना?"

"वेडी आहेस का? दार बंद झाल्यावर."

लिफ्ट साहेबांच्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. समोर पोपटी भिंत होती आणि रिकाम्या चौकटी. भिंग बाहेर पडली नाही. तिनं बटण दाबून दार पुन्हा बंद केलं.

"नीट ऐक. तालीम ऐकलेला माणूस हीटरचं बटण फिरवेल. म्हणून अ‍ॅपवाला आणि त्याची टोळी बाद. गुरूंना दोन्ही माहीत: उष्णतेनं मरते, उजेडानं मरत नाही. तेही बटणच फिरवतील, लॅम्प कशाला उचलतील? तुला स्वतःला करायचं असतं, तर तुझ्याइतकं नीट कोणालाच जमलं नसतं. उरतो तो माणूस, ज्यानं तुझं ते एकच खोटं वाक्य ऐकलं, दुरुस्ती ऐकली नाही, आणि तालमीत भाषण ठोकून निघून गेला."

बुरशीनं विचारलं, "पण साहेबांना माझ्याशी काय वाकडं?"

"काहीच नाही. तुझ्याशी वाकडं असतं तर मला एवढा राग आला नसता."

"आणि पुरावा? हे सगळं तर आपण जोडलेलं आहे."

"सकाळी ते मला म्हणाले, 'मेलं बिचारं.' तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, आत्ता कळलं. ग्रुपवर तू काय लिहिलं होतंस?"

"'अळिंब्या उगवल्या, ठोकळे बिघडले.' आणि फोटो."

"कोणीही 'मेलं' म्हणालं नाही. गुरू नाही, अ‍ॅपवाला नाही. ज्यानं ज्यानं फोटो पाहिला त्याला उगवलेलं दिसलं. साहेबांनी फोटो उघडला नाही, इकडे फिरकले नाहीत, आणि तरी त्यांना मृत्यूची खात्री. का? तर त्यांनी मारलं होतं ना." तिनं दीर्घ श्वास घेतला. "उद्या त्यांना कपाट बघू द्यायचं नाही. आधी बोलू द्यायचं. ते बोलल्याशिवाय राहणार नाहीत."

६

समितीत तिघे होते. दोघे विद्यापीठातले, त्यांना चहाची वेळ ठाऊक होती. तिसऱ्या बाईंचा काचेच्या दिव्यांचा कारखाना होता. दिवे वाटेत फुटतात म्हणून त्या हैराण होत्या, आणि या इमारतीत त्या केवळ बुरशीच्या ठोकळ्यांसाठी आल्या होत्या.

बुरशीच्या खोलीत कपाटावर पुन्हा काळं कापड बांधलेलं होतं. अ‍ॅपवाला आणि गुरू दारात उभे होते. साहेब कपाटाकडे पाठ करून, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि मग रुमाल खिशात ठेवून सुरू झाले.

"मान्यवर, आज मी तुम्हाला यश दाखवायला आणलेलं नाही. या कापडामागे एक मृत्यू आहे. एक जीव होता, अंधारात जगणारा. उजेडाचा एक झोत, आणि संपला! आमच्या या तरुणाकडून चूक झाली, कदाचित मोहही झाला. पण आम्ही त्याला दोष देणार नाही, आम्ही त्याचा उत्सव करू. ते या केंद्राचं पहिलं अपयश ठरो!"

विद्यापीठातल्या एकानं सवयीनं टाळी वाजवली.

"सर," भिंग म्हणाली, "उजेडानं मरतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाई, हे सर्वांना माहीत आहे."

"कोणाला? गुरुजी, तुम्हाला?"

"छे!" गुरू म्हणाले. "ते वाक्य आपण गाळलं."

"आम्हाला तर उष्णतेचं माहीत होतं," दारातून अ‍ॅपवाला म्हणाला.

"अहो, यानं स्वतः मला सांगितलं!" साहेबांचा आवाज चढला. "लिफ्टमध्ये! माझ्या तोंडावर!"

"बरोबर. फक्त तुम्हालाच सांगितलं," भिंग म्हणाली, आणि तिनं कापड ओढलं.

रात्रीत अळिंब्या आणखी वाढल्या होत्या. काचेला टेकून, एकमेकींच्या खांद्यावर चढून त्या अगदी खुशीत बसल्या होत्या. साहेबांनी वळून पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हे... हे मेलेलं नाही."

"नाही सर. उजेडानं ती फळते. मरते ती उष्णतेनं, आणि हीटरला कोणी हात लावलेला नाही. ज्यानं लॅम्प लावला त्याला हे उलटं माहीत होतं. असं उलटं माहीत असलेला माणूस या इमारतीत एकच आहे, आणि शिबिराच्या दिवशी तो मागे थांबला होता." तिचा आवाज जराही वर गेला नव्हता. "संमेलनाला न्यायला अपयश नव्हतं, म्हणून तुम्ही एक तयार केलंत. बाकीच्यांचं बिघडवावं असं काही नव्हतंच, म्हणून याचं घेतलंत."

साहेबांनी टाय सैल केला, पुन्हा घट्ट केला. आणि मग, आयुष्यभराच्या सवयीनं, त्यांना शब्द सापडला.

"हे पाहा, याला गुन्हा म्हणणं संकुचितपणाचं होईल. हे एक नियंत्रित अपयश होतं. मुलाला त्यातून घडवण्याचा—"

"तुम्ही जरा बाहेर थांबा," दिव्यांच्या कारखान्याच्या बाई म्हणाल्या. आवाजात एवढा कंटाळा होता की साहेब खरंच बाहेर गेले.

बाईंनी कपाट उघडलं. एक दाढीवाला ठोकळा उचलला, त्यावरची अळिंबी मोडून बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी ठोकळा तोडायचा प्रयत्न केला. तुटला नाही. गुडघ्यावर घेऊन वाकवला. वाकला, आणि पुन्हा सरळ झाला.

"माझ्या गोदामात दिवसभर उजेड असतो. तिथे याला अशा दाढ्या येणार का?"

बुरशीनं गुरूंकडे पाहिलं. गुरूंची मूठ नकळत तोंडापाशी गेली होती. त्यानं मान फिरवली.

"भाजल्यावर नाही येणार. मेलेल्याला काय फुटणार? पण हे भाजलेले नाहीत, आणि आकार गेलाय, म्हणून तुमच्या कामाचे नाहीत. विरजण जिवंत आहे. साचे पुन्हा भरावे लागतील."

"मग भर. तयार झाले की मी येते, माझे दिवे घेऊन येते. तोवर ही खोली याच्याकडे राहील, आणि कारण काय ते तुम्ही दोघं तुमच्या भाषेत लिहा," असं म्हणून त्यांनी विद्यापीठातल्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी घड्याळाकडे पाहिलं आणि माना डोलावल्या.

७

साहेबांचं काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. समितीनं कागदावर 'प्रकाशयोजनेतील त्रुटी' असं लिहिलं. साहेब संमेलनाला गेले आणि 'माझंच अपयश' या विषयावर असे काही बोलले, की मागच्या रांगेतल्या लोकांनी डोळे पुसले. एका उमद्या प्रशासकानं एका जिवाला अजाणता उजेड दिला आणि तो जीव बहरला, अशी ती गोष्ट होती. त्यांना आणखी दोन संमेलनांची आमंत्रणं आली. गुरूंनी भाषण ऐकून त्यांच्या आवाजफेकीतल्या तीन चुका काढल्या.

खुराड्यात बुरशी नवे साचे भरत होता. भिंग भुसा मोजून देत होती.

"ताई, एक विचारू? मी लिफ्टमध्ये खरं बोललो असतो तर?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, आणि तो येऊ नये असं वाटत होतं. तिनं भुशाचं भांडं खाली ठेवलं.

"तर साहेबांना उष्णतेचं कळलं असतं. त्यांनी बटण फिरवलं असतं. विरजणसुद्धा उरलं नसतं."

"म्हणजे त्या खोट्यानं वाचवलं."

"हो." शब्द तिच्या तोंडून दातांतला खडा काढावा तसा निघाला. "त्या खोट्यानं वाचवलं. आणि त्याच्यात तुझी अक्कल अजिबात नव्हती, हे लक्षात ठेव."

तो हसला. मग हसू आवरून त्यानं साच्यातला भुसा अंगठ्यानं दाबून बसवला. "मग आता दिवेवाल्या बाई पुन्हा येतील, समिती येईल, आणखी कोणी येईल. त्यांना काय सांगू?"

भिंगानं कपाटाचं दार लावलं, काळं कापड ओढून त्याची गाठ दोनदा मारली.

"खरंच सांग," ती म्हणाली. "आणि खोलीला कुलूप घाल."